शेजाऱ्याचा कान

धर्मस्वातंत्र्य हा शब्द उच्चारतांच सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें मोठमोठीं दृश्यें उभीं राहतात. कोठें एखाद्या पंथाचीं प्रार्थनास्थानें जाळलीं गेलीं, कोठें धर्मांतर केलें म्हणून कोणास तुरुंगांत घातलें, कोठें ईश्वरनिंदेच्या आरोपाखालीं एखाद्या अभाग्यास फांशीची शिक्षा सुनावली गेली, अशा वार्ता आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतों, क्षणभर हळहळतों, आणि आपल्या गल्लींत तसें कांहीं नाहीं म्हणून समाधान मानतों. परंतु या स्वातंत्र्याची रोजची परीक्षा इतक्या दूरच्या आणि भयंकर प्रसंगांत होत नाहीं. ती होते भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या दोन शेजाऱ्यांत; आणि मुंबईच्या उपनगरांत तर ती डोळ्यांपेक्षां कानाच्याच वाटेनें अधिक होते.

आम्ही गेलीं तीस वर्षें मुलुंडास राहतों. आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर देऊळ आहे, मशीद आहे, देरासर आहे, गुरुद्वारा आहे, बुद्धविहार आहे आणि ख्रिस्ती मंडळींचें चर्चहि आहे. घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कोठेंहि गेलें तरी थोड्याफार फरकानें हाच देखावा. जागेचा भाव असा कीं, देवांनाहि एकमेकांना खेटूनच उभें राहावें लागतें. जेथें माणसें इतकीं दाटीनें राहतात, तेथें एकाचा धर्म दुसऱ्याच्या घरांत शिरतो तो उंबरठा ओलांडून नव्हे, खिडकींतून; आणि खिडकी लावून घेतली तरी तो बाहेर राहतोच असें नाहीं.

बोरिवलीचीं मंडपेश्वराचीं लेणीं ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांस आमचें म्हणणें लवकर पटेल. तीं मूळचीं शिवाचीं. पोर्तुगीज आले तेव्हां त्यांनीं त्या लेण्याचें प्रार्थनामंदिर केलें, वर मठ आणि चर्च उठविलें. भिंतीवर कोरलेला एक क्रूस अजून दिसतो. १७३७ सालीं साष्टी मराठ्यांच्या हातीं आली, चर्च ओस पडलें, आणि आज आंत पुनः शिवलिंगाची पूजा होते. ज्याच्या हातीं सत्ता त्याच्या हातीं छिन्नी, हा त्या काळचा न्याय. आतां छिन्नीचे दिवस गेले. आतांचें राज्य घटनेचें आहे. कोणाच्या देवळाचें कोणी चर्च करीत नाहीं. मात्र आपला देव शेजाऱ्यापेक्षां मोठा आहे हें सिद्ध करण्याची हौस माणसाच्या ठिकाणीं उरलीच आहे, आणि त्या हौसेला आजच्या युगानें छिन्नीच्या ऐवजीं ध्वनिक्षेपक दिला आहे.

धर्म आणि आवाज यांचा तंटा मात्र जुना. मशिदीवरून मिरवणूक नेतांना वाद्यें वाजवावीं कीं नाहीं, या एका प्रश्नानें गेल्या शतकांत आणि त्याच्या मागल्या शतकांत किती डोकीं फुटलीं आणि किती फिर्यादी झाल्या त्याची गणना करणें कठीण. अशांतलाच एक खटला थेट विलायतेस प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला आणि १९२४ सालीं त्याचा निकाल लागला. सार्वजनिक रस्त्यानें आपल्या रीतीप्रमाणें धार्मिक मिरवणूक नेण्याचा प्रजेस हक्क आहे, मात्र तो सरकारच्या योग्य हुकमांस आणि इतरांच्या रहदारीच्या हक्कास धरून वापरावा, असें त्यांत ठरलें. वाचकांस वाटेल, हा वाद हिंदु आणि मुसलमान यांचा असणार. तसें नव्हतें. मिरवणूक शिया मुसलमानांची होती आणि हरकत घेणारे सुन्नी होते. आवाजाचें भांडण धर्माधर्मांत असतें असें आपण समजतों. वस्तुतः तें शेजाऱ्याशेजाऱ्यांत असतें, आणि शेजारी परधर्माचा असला म्हणजे त्यास धर्माचें नांव मिळतें.

त्या काळच्या झगड्यांत एक गोष्ट तरी माणसाच्या मापाची होती. ढोल बडविणाराचे हात दुखत, शिंग फुंकणाराचा दम संपे, बांग देणाराचा गळा कितीहि मोठा असला तरी दोन गल्ल्यांपलीकडे पोंचत नसे. निसर्गानेंच भक्तीस मर्यादा घातली होती. विजेनें ती मर्यादा काढून टाकली. आमच्या महाविद्यालयांतील पदार्थविज्ञानाच्या एका स्नेह्यानें आम्हांस समजावून दिलें कीं, आवाज मोजण्याचें डेसिबेल हें माप गजासारखें नाहीं. दहा डेसिबेल वाढले म्हणजे आवाजाची शक्ति दसपट होते, आणि वीस वाढले म्हणजे शंभरपट. कानास मात्र दर दहास आवाज सुमारें दुप्पट झाल्यासारखा भासतो. म्हणजे पंचावन्नाचे पंचाहत्तर झाले तर "थोडासाच वाढला" असें म्हणण्याची सोय नाहीं. कर्ण्याशीं उभा असलेला उत्साही कार्यकर्ता आंकड्याची ही लबाडी जाणत नाहीं. लहान मुलाचा कान आणि आजारी माणसाचें काळीज ती जाणतें.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. आपल्या घटनेच्या २५व्या अनुच्छेदानें प्रत्येकास धर्म मानण्याचें, आचरण्याचें आणि त्याचा प्रसार करण्याचें स्वातंत्र्य दिलें आहे, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु त्या अनुच्छेदाचा आरंभ स्वातंत्र्यानें होत नाहीं, अटीनें होतो. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून हें स्वातंत्र्य आहे, असे ते शब्द आहेत. घटनाकारांनीं शेजाऱ्यास पहिल्याच ओळींत बसविलें आहे. पुढें २००० सालीं केंद्र सरकारनें ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. वस्तीच्या भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबेल. इस्पितळें, शाळा आणि न्यायालयें यांच्या भोंवतालच्या शांतता क्षेत्रांत ५० आणि ४०. लेखी परवानगीवांचून ध्वनिक्षेपक नाहीं. आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहा उघड्यावर मुळींच नाहीं. २००२ सालीं त्यांत एक फट ठेवण्यांत आली ती अशी कीं, सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठीं राज्य सरकारास वर्षांतून एकंदर पंधरा दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवितां येते.

त्याच २००० सालीं मद्रासेकडील एका चर्चचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढें आला. चर्चमध्यें प्रार्थनेच्या वेळीं ढोल वाजत आणि ध्वनिक्षेपक लावीत. शेजारच्या वसाहतीनें तक्रार केली. चर्चवाल्यांचें म्हणणें असें कीं, आम्ही अल्पसंख्य आहों म्हणून आमचा आवाज यांच्या कानांत खुपतो, रस्त्यावरच्या मोटारींचा खुपत नाहीं. हें उत्तर नीट ध्यानांत ठेवण्यासारखें आहे, कारण पुढें प्रत्येक धर्माच्या लोकांनीं तें पाळीपाळीनें दिलें आहे. न्यायालयानें निर्णय दिला कीं, इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असें कोणताच धर्म सांगत नाहीं. २००५ सालच्या मोठ्या निकालामागें तर याहूनहि दारुण हकीकत होती. एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला, तिनें हांका मारल्या, आणि आसपासच्या ध्वनिक्षेपकांच्या गदारोळांत त्या कोणाच्याहि कानीं पडल्या नाहींत. पुढें त्या मुलीनें स्वतःस जाळून घेतलें. आवाज हा केवळ गैरसोयीचा विषय आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं ही हकीकत एकदां आठवावी.

आमच्या मुंबईनेंहि या कामीं मोठा वांटा उचलला आहे. डॉ. यशवंत ओक यांच्यासारख्या सद्गृहस्थांनीं १९८५ पासून उच्च न्यायालयाचे उंबरठे झिजविले; पुढें सुमैरा अब्दुलअली यांनीं हातांत मापक घेऊन उत्सवांतला आवाज जागोजाग मोजून लोकांपुढें मांडला; आणि ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या अर्जावर ऑगस्ट २०१६ मध्यें न्या. अभय ओक आणि न्या. अमजद सय्यद यांनीं सविस्तर निकाल दिला. दुसऱ्याच वर्षीं ऐन गणेशोत्सवाच्या तोंडावर राज्य सरकारनें न्या. ओक यांच्यावर पक्षपाताचा आरोप केला. वकीलवर्ग खवळला, आणि सरकारास माफी मागावी लागली. कोणत्याहि पक्षाच्या सरकारास उत्सवाचा आवाज किती प्रिय असतो हें त्यावरून कळून यावें.

याच मालिकेंतला आणखी एक निकाल २३ जानेवारी २०२५ चा. कुर्ल्याच्या नेहरूनगरांतील रहिवाशांच्या दोन संघांनीं आसपासच्या मशिदी-मदरशांवरील ध्वनिक्षेपकांविरुद्ध अर्ज केला होता. ध्वनिक्षेपक हें कोणत्याहि धर्माचें आवश्यक अंग नाहीं, असें न्या. अजय गडकरी आणि न्या. श्याम चांडक यांनीं सांगितलें, आणि पोलिसांनीं पायरीपायरीनें काय करावें तेंहि घालून दिलें: आधीं समज, मग दंड, मग जप्ती आणि परवाना रद्द. त्यांतील एक आज्ञा आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. तक्रार करणाराचें नांव विचारूं नये, आणि कळलें तरी तें समोरच्या पक्षास सांगूं नये. मोठमोठ्या तत्त्वांच्या गर्दींत ही आज्ञा लहानशी दिसते. परंतु ज्यानें उपनगरांत चार वर्षें काढलीं आहेत त्यास तिचें मर्म समजेल. आमच्या घरचीच एक गोष्ट त्यासाठीं सांगतों.

आमच्या मातोश्री शेवटच्या दुखण्यांत घरींच होत्या. दिवस नवरात्राचे. समोरच्या मैदानांत मंडळाची देवी, आणि आमच्या खिडकीच्या रोखानें दोन प्रचंड कर्णे. मातोश्री देवीच्या भक्त. साऱ्या आरत्या त्यांस मुखोद्गत. पहिल्या रात्रीं त्या उशीवर डोकें टेकून ऐकत पडल्या, आणि थोड्या वेळानें म्हणाल्या, "आरती चाललीय खरी, पण कोणती तें कांहीं कळत नाहीं रे. खिडकी लाव." नऊ दिवस ती खिडकी बंदच राहिली. आतां हें मंडळ चालविणारीं मुलें कोण? आदल्या महिन्यांत जिन्यावरून आजींची खुर्ची उचलून चार मजले उतरविणारीं, रात्रीं-अपरात्रीं औषध आणून देणारीं तींच मुलें. त्यांच्याविरुद्ध पोलिसांकडे जाण्यास कोणाचा पाय उचलेल? आम्हीं खालीं जाऊन त्यांस सांगितलें. तीं ओशाळलीं. "सर, आधीं कां नाहीं सांगितलंत?" असें म्हणून त्यांनीं लगेच आवाज उतरविला. दुसऱ्या सायंकाळीं दुसरीं मुलें आलीं, पाहुणे आले, आणि आवाज पुनः चढला. आम्हीं पुनः सांगितलें, तो पुनः उतरला. कोणाच्याहि मनांत वांकडें नव्हतें. तरी नऊ रात्रींची झोंप आम्हांस रोज नव्यानें मागून घ्यावी लागली.

त्या दिवसांत एक विचार मनांतून हलेना. आम्हांस ती शांतता मिळाली ती मेहरबानी म्हणून. आम्ही त्यांचे "सर" होतों, त्यांच्या जातीधर्माचे होतों, वर्गणी देणारे होतों. आमच्या इमारतीच्या मागल्या चाळींत दोन-तीन मुसलमान कुटुंबें आहेत. तेथेंहि कोणाची तरी आई आजारी पडतच असेल. ते गृहस्थ खालीं येऊन असें सांगूं शकले असते काय? आणि मशिदीलगतच्या एखाद्या हिंदु घरांत रात्रपाळी करून आलेला मनुष्य पहाटेच्या बांगेनें दचकून उठत असेल, तर तो तरी जाऊन बोलूं शकतो काय? बोलला तर त्याच्या तक्रारीचा अर्थ झोंप असा कोणी करणार नाहीं, द्वेष असाच करतील. मेहरबानी ही ओळखीच्या माणसावरच होते. हक्क अनोळखी माणसासहि मिळतो. नांव गुप्त ठेवण्याची ती आज्ञा एवढ्यासाठींच मोलाची. तिनें तक्रारीचा धर्म झांकला जातो आणि उरतो तो नुसता आवाज, जो मोजतां येतो.

जगांत इतरत्र काय चालतें तें पाहिलें तर हीच कसोटी कामास येते. हॉलंडांत टिलबर्ग येथील एका पाद्र्यास पहाटेच्या प्रार्थनेसाठीं मोठ्यानें घंटा वाजविण्याची हौस होती. नगरपालिकेनें सकाळीं साडेसातपूर्वीं घंटेच्या आवाजास मर्यादा घातली, तेव्हां तो धर्मस्वातंत्र्याच्या नांवानें युरोपच्या मानवी हक्कांच्या न्यायालयापर्यंत गेला. २०१२ सालीं त्या न्यायालयानें त्याची दाद घेतली नाहीं. घंटा बंद करा असें कोणीं म्हटलें नव्हतें, हळू वाजवा एवढेंच म्हटलें होतें. जर्मनींतील कोलोन शहरानें २०२१ सालीं मशिदींस शुक्रवारच्या दुपारीं फार तर पांच मिनिटें, ठराविक मर्यादेंत बांग देण्याची मुभा दिली. सौदी अरेबियासारख्या इस्लामच्या मूलभूमींतहि २०२१ सालीं सरकारनें हुकूम काढला कीं, मशिदीबाहेरचे ध्वनिक्षेपक पूर्ण आवाजाच्या एकतृतीयांशावर असावेत. या तिन्ही ठिकाणीं कायद्यानें आवाज मोजला.

याच्या उलट स्वित्झर्लंडांत २००९ सालीं लोकमत घेऊन नवे मिनार बांधण्यास बंदी केली गेली. साऱ्या देशांत त्या वेळीं मिनार अवघे चार. येथें कोणाची झोंप मोडत होती? मोजण्याजोगें कांहींच नव्हतें. कायद्यानें मोजला तो माणसाचा धर्म. आणि इंडोनेशियांत २०१८ सालीं याहून विपरीत घडलें. मशिदीचा आवाज फार मोठा आहे एवढी तक्रार केली म्हणून एका बौद्ध बाईस दीड वर्षाची कैद झाली. पहिल्या देशानें आवाज नसतांना धर्मावर बंदी घातली. दुसऱ्यानें आवाजास धर्माचें कवच चढवून शेजाऱ्याचें तोंड बंद केलें. दोन्हीकडे बहुसंख्यांस आपण न्यायच करीत आहों असें वाटत होतें.

न्यायालयांच्या विचारसरणीविषयीं एक शंका येथें नम्रपणें नोंदवितों. अमुक गोष्ट धर्माचें आवश्यक अंग आहे कीं नाहीं, हें ठरविण्याची रीत आपल्याकडे १९५४ सालापासून पडली आहे. त्या वर्षीं शिरूर मठाच्या खटल्यांत, आणि आमच्याच मुंबई राज्यांतील रतिलाल गांधी यांच्या खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयानें ही वाट आंखून दिली. तिच्या मुळाशीं डॉ. आंबेडकरांचा विचार दिसतो. आपल्या देशांत धर्म जन्मापासून मरणापर्यंत सारें जीवन व्यापून बसतो, म्हणून त्याची व्याख्या आंवरती घेतली पाहिजे, असें त्यांनीं १९४८ च्या डिसेंबरांत घटनासमितींत बजावलें होतें. तें खरेंच आहे. परंतु आवाजाच्या बाबतींत या कसोटीची गरज काय? ध्वनिक्षेपक धर्माचें अंग नाहीं हें सांगण्यास शास्त्राधार नको. सारे धर्म विजेच्या आधींचे आहेत. उद्यां कोणी ढोलताशे, शंख, घंटा, प्रत्यक्ष गळ्यांतून दिलेली बांग यांविषयीं वाद आणला, आणि तीं धर्माचीं आवश्यक अंगें आहेत असें ठरलें, तर मग शेजाऱ्यानें तीं मध्यरात्रीं सोसावीं काय? न्यायाधीशास धर्मशास्त्री करण्यापेक्षां घटनेनेंच दिलेला "आरोग्य" हा शब्द पुरेसा आहे. देवास काय हवें हें न्यायालयानें ठरवूं नये. शेजाऱ्यास किती सोसवेल एवढें ठरवावें.

कोणी म्हणेल, महाराष्ट्राचा धर्म मुळांतच रस्त्यावरचा आहे. पालखी, दिंडी, गणपतीची मिरवणूक हीं सारीं बंद करावयाचीं काय? मुळींच नाहीं. शेंकडों वर्षें आषाढी वारी टाळ-मृदंगावर चालली, आणि त्या आवाजानें गांवेंच्या गांवें जागीं झालीं तरी कोणीं कानांत कापूस घातला नाहीं. माणसानें हातांनीं आणि गळ्यानें केलेला आवाज चालत येतो आणि चालत जातो. एका जागीं ठाण मांडून भिंती हादरविणाऱ्या यंत्रास वारकऱ्याची पुण्याई उसनी देण्याचें कारण नाहीं.

खरी अडचण अंमलबजावणींत आहे. २०२५ च्या उन्हाळ्यांत मुंबई पोलिसांनीं धर्मस्थळांवरील ध्वनिक्षेपक उतरविले. कांहीं मशिदींनीं भांडत न बसतां भाविकांस मोबाइलवर अजान ऐकूं येईल अशी सोय करून घेतली. ज्यास ऐकावयाची त्यानें ऐकावी, यापरती सभ्य तोड आम्हांस दिसत नाहीं. त्याच वर्षीं राज्य सरकारनें गणेशोत्सवास राज्य महोत्सवाचा मान दिला, याचाहि आनंदच आहे. परंतु दोन्ही गोष्टी शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे विवेकी मनुष्यास थोडें थांबावें लागतें. मशिदीचा ध्वनिक्षेपक रोजचा, म्हणून तो कायमचा उतरतो. मंडळाचा हंगामी, म्हणून त्यास तात्पुरता परवाना मिळतो आणि मध्यरात्रीपर्यंतची सवलतहि मिळते. नियमाचे शब्द दोघांस सारखेच. पण त्याचा भार सारखा पडतो असें म्हणतां येणार नाहीं. रोज पांच वेळ दोन-चार मिनिटांचा आवाज आणि दहा दिवस रोज पांच-सहा तासांचा आवाज, यांत आजाऱ्यास अधिक जाच कशाचा होतो, हा प्रश्न मापकास विचारावा. त्यास धर्म नसतो.

म्हणून आमच्यासारख्या सुशिक्षित गृहस्थांस एक साधा नियम सुचवावासा वाटतो. परधर्माच्या आवाजाविरुद्धच्या अर्जावर सही करावयाची ती अवश्य करावी. मात्र त्याच कागदावर आपल्या गल्लींतल्या, आपल्या वर्गणीवर चालणाऱ्या ध्वनिक्षेपकाचें नांव आधीं लिहावें. आमच्याकडे असा एक अर्ज सहीसाठीं आला असतां आम्हीं ही सूचना केली. अर्ज घेऊन आलेले गृहस्थ "विचार करून येतों," असें म्हणून गेले ते अद्याप आलेले नाहींत. ते यावेत अशी आमची मनापासून इच्छा आहे, कारण त्यांची मूळ तक्रार खोटी नव्हती. पहाटेची झोंप त्यांचीहि मोडतच होती. परंतु आपल्या माणसांस सांगण्याचें जें धैर्य आपणांपाशीं नाहीं, तें परक्यास सांगतांना आलें तर त्यास न्यायबुद्धि म्हणतां येत नाहीं. पंचावन्न आणि पंचेचाळीस हे दोन आंकडे प्रत्येक देवळाच्या, मशिदीच्या, चर्चच्या आणि मंडपाच्या दारांत सारखेच लागू झाले, आणि तसे ते लागू व्हावेत म्हणून ज्याच्या त्याच्या धर्मांतल्या चार माणसांनीं आग्रह धरला, तर आमच्या उपनगरांत धर्मस्वातंत्र्य नांदतें असें म्हणण्यास हरकत राहणार नाहीं.